शंका आज, उत्तर उद्या

त्रिभुवन सरांना कुणी शंका विचारली की ते आधी उलट विचारायचे, "गाव कंचं तुझं?"

पोराला वाटायचं, मेलो, आता घरी निरोप जाणार. 'निमोणं', 'न्हावरं' असं काहीतरी ते पुटपुटायचं. मग दुसरा प्रश्न, "बाप काय करतो?" आणि तिसरा, "दावणीला जनावरं किती?" एवढी उलटतपासणी झाली की सर कोटाच्या खिशातून एक लांबट वही काढायचे, तिच्यात पोराचं नाव, गाव आणि शंका लिहून घ्यायचे आणि वही मिटून म्हणायचे, "शंका आज, उत्तर उद्या. पळ."

शिरूरच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला आले तेव्हा पहिले चार दिवस मला हे गृहस्थ खानेसुमारीला आलेत असंच वाटत होतं. ते इंग्रजीचे शिक्षक आहेत हे कळल्यावर हसूच आलं. मी पुण्याची, त्यात बी. ए. झालेली. हसण्याचा परवाना बरोबर घेऊनच आले होते. "लगेच उत्तर का देत नाहीत हे? येत नाही का?" असं मी हेडमास्तरांना विचारलंसुद्धा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आठ दिवस त्यांच्या वर्गाबाहेर उभ्या राहा आणि मग विचारा."

माझा तिसरा तास मोकळा असायचा. मी उभी राहिले.

तेव्हा राज्य अजून मुंबईचंच होतं आणि इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. घोड्याएवढी झालेली पोरं पहिल्यांदा एबीसीडी गिरवायची आणि चार वर्षांत त्याच इंग्रजीत अकरावीचा पेपर द्यायची. त्यांच्या शंका ठरलेल्या. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी विचारलेल्या. 'अ' कधी लावायचा आणि 'द' कधी? आमच्या वेळच्या मास्तरांनी याचं उत्तर म्हणून नऊ नियम फळ्यावर लिहून दिले होते, आणि दहावा नियम म्हणजे छडी. त्रिभुवन सर फळ्याकडे गेलेच नाहीत. खिडकीला टेकून म्हणाले, "गावात नवखा मानूस आला. कोन, कुठला, ठावं न्हाई. तवा तो 'अ मॅन'. पारावर बसला, पानी प्याला, कुनाचा कोन ते कळलं. आता तो 'द मॅन'. ओळख झाली की 'द'. काय कळलं?" ज्याने शंका विचारली होती त्याच्या बापाची पाराजवळ चहाची टपरी होती. सगळे नवखे आधी तिथेच टेकायचे.

'सिन्स' आणि 'फॉर'ची शंका गुराख्याच्या पोराने विचारली होती. त्याला सांगितलं, "सिन्स म्हंजी खुंटा, फॉर म्हंजी दावं. खुंटा एका जागी ठोकलेला असतो. सोमवारी ठोकला, तर सिन्स मंडे. दावं मोजता येतं. चार हात, पाच हात. तसं चार दिवस, पाच दिवस, तिथं फॉर." त्या पोराने जन्मात पुन्हा ती चूक केली नसेल. मीही केली नाही, आणि मी बी. ए. असूनही तोवर करत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर हे होतं त्या 'उद्या'चं कारण. उत्तर त्यांना तेव्हाच येत असायचं. रात्रभर शोधायचे ते उत्तर नाही, त्या पोराच्या घरातलं उदाहरण शोधायचे. "इंग्रजी परकी भाषा हाय, बाई," ते मला म्हणाले. "परक्या पाहुन्याला घरात घ्यायचं तर घरातल्याच वस्तूवर बसवावं लागतं. त्याच्यासाठी खुर्ची कुठनं आनू?"

उंच, काटकुळे, पांढरा लेंगा आणि त्यावर विटून चिंचेच्या रंगाला आलेला काळा कोट. डोक्याला काळी टोपी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. रस्त्यात कुणी ना कुणी थांबवायचंच, म्हणून ते ती हातात धरूनच चालायचे. वडील मिशनच्या बंगल्यात माळी होते. तिथल्या मडमेने या माळ्याच्या पोराला आपल्या मुलांबरोबर ओसरीवर बसवून इंग्रजी शिकवलं, ते धर्मपुस्तकातलं, जुन्या वळणाचं. त्यामुळे सर इंग्रजी बोलायला लागले की प्रार्थना चालू आहे असं वाटायचं. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. मिशनच्या आवारात दोन खोल्या होत्या, त्याच्या शेजारच्या गल्लीत माझी खोली. पहिलं वर्षभर मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. काहीतरी कारण काढायचे. खरं कारण सांगायची आज लाज वाटते. सरांना ते कळत होतं. ते एकदाही आग्रह करत नसत आणि एकदाही विचारायचं सोडत नसत.

त्यांच्यात एक खोट होती आणि ती मी पहिल्याच वर्षी पाहिली होती. पाहूनही हसण्यावारी नेली, हे वाईट.

गावात इंग्रजी कागद आला की तो त्रिभुवन सरांकडे यायचा. पेन्शनीचं पत्र, कोर्टाची नोटीस, पलटणीतल्या पोराची तार. एकदा मधल्या सुट्टीत एक म्हातारी तार घेऊन आली. धावत आलेली, पदर कमरेला तसाच, तोंडाला कोरड. तार म्हणजे माणूस गेला, एवढंच तिला ठाऊक. सरांनी चष्मा लावला, तार वाचली आणि कपाळाला आठी घातली. म्हातारीने भिंत धरली. सर लाल पेन्सिल काढून तारेवर काहीतरी खुणा करायला लागले आणि स्वतःशीच म्हणाले, "वाक्यच न्हाई हे. क्रियापद अर्धंच सोडलंय."

"मास्तर," म्हातारी म्हणाली, "जिता हाय का न्हाई तेवढं सांगा वो!"

पोराची रजा मंजूर झाली होती आणि तो शुक्रवारी दौंडला उतरणार होता. म्हातारीने तिथेच सरांची अलाबला घेतली. मी मागाहून त्यांना फैलावर घेतलं. "सर, तारेतलं व्याकरण तपासत होता तुम्ही? तिचा जीव गेला असता!" ते ओशाळले. म्हणाले, "चूक दिसली की मला मागचा मानूस दिसत न्हाई, बाई." मी ते वाक्य स्टाफरूममध्ये वर्षभर सगळ्यांना सांगून हशा मिळवला.

आता तारा नावाच्या मुलीचं सांगते.

मी आले त्या वर्षी ती आठवीत होती. गोलेगावच्या रस्त्याला एका वस्तीवरून चालत यायची. वर्गात पाच मुली, त्यातली ही एक. 'ही गोज', 'शी गोज' यातला 'यस्' एकट्यालाच का लागतो, पुष्कळांना का नाही, ही तिची पहिली शंका. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मानूस एकटाच परवासाला निघाला तर हातात काठी घेतो. चौघं निघाले तर काठी कशाला? त्यो यस् म्हंजी एकट्याची काठी." वर्ग खूश. तारा बसली नाही. म्हणाली, "मंग सर, 'आय' तर एकलाच की. त्याला काठी का न्हाई?"

सरांनी वही काढली. तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं, त्याखाली दुसरी शंका लिहिली. "उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. "'मी'ला गर्व असतो, पोरी. 'मी' म्हनतो, मला काठी लागत न्हाई. बघ, लिहितानासुदिक मोठाच लिहावा लागतो त्याला." तारा खळखळून हसली. त्या दिवसापासून वहीतली निम्मी पानं तिच्या शंकांनी भरायला लागली. सर तिच्या शंकांची वाट पाहायचे. मूल नसलेल्या माणसाने एखाद्या मुलीची किती वाट पाहावी याला माप नसतं.

तिला नर्स व्हायचं होतं. वस्तीवर मिशनच्या दवाखान्यातली एक नर्स सायकलवरून यायची. 'तुला नर्सपेक्षा तिची सायकल आवडलीय,' असं मी चिडवायचे, आणि ती म्हणायची, "दोन्ही आवडत्यात, बाई." अकरावी पास झाली तेव्हा मिशनच्याच लांबच्या एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ नर्सा घेणार असल्याचं सरांनीच शोधून काढलं. तिच्या वडिलांना, आप्पांना, सर आणि मी दोघं भेटायला गेलो. आप्पा वाईट माणूस नव्हता. बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला आणि म्हणाला, "यंदा घेत्यात तर जाऊ द्या. न्हाई घेतलं तर दिवाळी झाली की लगीन उरकतो. पोरगी घरात ठिवून वाट बघत बसनार न्हाई मी. मास्तर, तुमी म्हनता म्हनून एवढं." सर म्हणाले, "घेतील. तिच्यासारखं इंग्रजी तालुक्यात कुनाचं न्हाई."

अर्ज सोमवारपर्यंत तिथे पोचायचा होता. ती मुदत सरांना आणि मला ठाऊक होती, ताराला सांगितली नव्हती. ताराने तो स्वतः लिहिला आणि गुरुवारी सकाळी शाळेत आणून दिला. त्या दिवशी टाकला असता तर शनिवारी पोचला असता.

सर म्हणाले, "ठेव. उद्या बघून देतो."

शुक्रवारी त्यांनी दोन चुका दाखवल्या. ताराने घरी नेऊन पुन्हा लिहिला. शनिवारी बारा वाजता ती चालत आली, अर्ज पदराखाली झाकलेला, घाम लागू नये म्हणून. सरांनी वाचला. एक 'द' जागेवर नव्हता, आणि सहीपाशी शाईचा ठिपका पडला होता. त्यांची लाल पेन्सिल बाहेर आली आणि तारा नवा कागद आणायला गेली. मी तिथेच होते. म्हणाले, "सर, आता टाका की. टपालाची पिशवी निघेल."

"चुकलेला अर्ज वेळेवर पोचून काय उपयोग, बाई? तिचं पहिलं दर्शन हाय ते. लोक कागद बघूनच मानूस ठरवत्यात."

"पण सोमवार..."

"सोमवारी टाकू. दोन दिवसांनी काय हुतंय? मिशनची मानसं हायत, समजून घेतील."

मला पुण्याची गाडी गाठायची होती. मी दुसऱ्यांदा बोलले नाही. ताराने त्यांच्यासमोर बसून तिसऱ्यांदा अर्ज लिहिला, एकही चूक नसलेला. इतका देखणा अर्ज त्या दवाखान्याला आजवर आला नसेल. तो सोमवारी शिरूरहून निघाला आणि बुधवारी तिथे पोचला.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर सरांच्या नावे जाड पाकीट आलं. आत ताराचा अर्ज तसाच्या तसा, आणि वर टाचलेली एक चिठ्ठी. अर्ज मुदतीनंतर आला, सबब परत. सर दुसऱ्या दिवशी रजा टाकून थेट तिथे गेले. तिथल्या मोठ्या बाईंच्या पुढे उभे राहून त्यांनी विनवण्या केल्या. बाई चांगल्या होत्या, पण जागा भरल्या होत्या. सर त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लागले, की मुलीचं इंग्रजी एकदा बघा तरी. तेव्हा त्यांनी कपाटातून अर्जांचा गठ्ठा काढून पुढे ठेवला. "मास्तर, हे आम्ही घेतलेल्या मुलींचे अर्ज. बघा. निम्म्यांना स्वतःचं नाव इंग्रजीत धड लिहिता येत नाही. इंग्रजी आम्ही शिकवतो हो. आम्ही मुलगी बघतो."

सरांनी तो गठ्ठा सगळा वाचला म्हणे. प्रत्येक अर्ज. "एका पानावर अकरा चुका होत्या, बाई," ते मला म्हणाले. "अकरा. आन् ती पोरगी आत वॉर्डात काम करत हुती."

त्यानंतरचा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. तारा शाळेच्या व्हरांड्यात आली. सर खांबापाशी उभे होते, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात.

"सर, आलं का काय?"

"न्हाई जमलं, पोरी."

तिने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "माझं इंग्रजी कमी पडलं का, सर?"

चार वर्षं ज्या मुलीच्या प्रत्येक शंकेला त्यांनी उत्तर दिलं होतं, तिची ही शेवटची शंका. या वेळी उत्तर खिशातच होतं. सर गप्प राहिले. मीही गप्प राहिले. मला वाटलं, ते सांगतील. त्यांचं त्यांनी सांगावं. शिक्षक लोक एकमेकांचं झाकतात, ती आमची जुनी खोड. तारानं आमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, मान हलवली आणि निघून गेली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. नवरा दौंडला रेल्वेत, लोकोशेडमध्ये. माणूस सरळ होता. लग्नाला मी गेले, सर गेले नाहीत.

सरांची वही त्यानंतर दिसली नाही. लाल पेन्सिलही दिसली नाही. कुणी शंका विचारली की ते तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, पुस्तकातलं, नियमाचं. नवे हेडमास्तर खूश झाले, म्हणाले त्रिभुवनांचा कामाचा उरक वाढला. मी मात्र तिसऱ्या तासाला खिडकीबाहेर उभं राहायचं सोडून दिलं, कारण ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सांगून टाका तिला," मी म्हणायचे.

"सांगतो."

"कधी?"

ते सायकल पुढे ढकलायचे. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या रविवारी ते मिशनच्या प्रार्थनेला जाताना दिसायचे नाहीत. सोमवारी मी विचारायचे, "कुठे गेला होता?"

"दौंडला."

"भेटली?"

"न्हाई. स्टेशनात बसलो हुतो बाकावर."

"मग?"

"मग शिरूरची यष्टी लागली."

असं तीनदा झालं. माणूस एखाद वेळ वाघासमोरून पळत नाही, पण एका साध्या वाक्यापासून पळतो, हे मी त्यांच्यात पाहिलं. त्यांना हसावं असं मात्र मला कधी वाटलं नाही, कारण माझं काही वेगळं नव्हतं. एकदा मी दौंडच्या बाजारात ताराला गाठलं. अंगाने भरली होती, कडेला मुलगी. मी म्हटलं, "रेल्वेचे कागद सगळे इंग्रजीत असतील, चाळीतल्या बायका तुलाच वाचायला आणत असतील." ती हसली. म्हणाली, "छ्या. म्या सांगतच न्हाई कुनाला शाळा शिकल्याचं. आमचं इंग्रजी कच्चं, बाई. त्या दवाखान्यावाल्यांनी बघितलं की. पोरीलाबी तेच सांगते, आपल्याला न्हाई झेपायचं ते." भाजीची पिशवी हातात घेऊन मी उभी होते. तोंडाशी आलेलं गिळलं आणि 'मुलगी गोड आहे' म्हणाले. परत येऊन मी ते सगळं सरांना सांगितलं. ऐकताना ते टोपी काढून हातात फिरवत राहिले.

पुढे ते निवृत्त झाले. त्याच सुमाराला त्यांचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही खडूची धूळ म्हणून सोडून दिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी घसा कापावा लागेल असं सांगितलं, आणि आवाजाची खात्री देता येत नाही असंही. ऑपरेशननंतर आवाज राहिला नाही, आणि पुढच्या आंब्याच्या दिवसांत सरही राहिले नाहीत. हे मी इथेच सांगून टाकते. शेवटी सांगायची माझी तयारी नाही.

ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी सकाळी सर माझ्या दारात आले. गळ्याभोवती मफलर. आवाज पत्रा घासल्यासारखा.

"बाई, दौंडला येता का? आत्ता."

मी चप्पल घातली.

ताराची खोली लोकोशेडमागच्या चाळीत. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक काजळी बसलेली. नवरा ड्युटीवर होता. सहा-सात वर्षांची मुलगी उंबऱ्यात गजगे खेळत होती. सरांना बघून तारा गडबडली, पदर सावरत पाया पडायला वाकली. सरांनी दोन्ही हातांनी तिला अडवलं. "आधी ऐक. मग बघ पाया पडायचं का न्हाई ते."

तिने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी ते पाकीट काढलं. आठ वर्षांत त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या. "तुझा अर्ज हाय," ते म्हणाले. "वरची चिठ्ठी वाच."

"सर, मला न्हाई आता येत..."

"वाच."

तारा दाराच्या उजेडाकडे सरकली. ओठ हलले. एकेका अक्षरावर थांबत, शाळेत वाचायची तसं मोठ्याने, तिने ती एक ओळ वाचली. 'रिसीव्ह्ड आफ्टर द लास्ट डेट.' वाचून झाल्यावर तिने सरांकडे पाहिलं.

"उशिरा पोचला," सर म्हणाले. "माझ्यामुळं. तू बिस्तरवारी दिला, मी सोमवारी टाकला. चुका काढत बसलो. त्यांनी तुझा अर्ज उघडून बघितलाच न्हाई. तू इचारलंस तवा मी बोललो न्हाई."

मी म्हणाले, "मलाही ठाऊक होतं, तारा." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं.

तारा चिठ्ठीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "म्हंजी सर... मला येत व्हतं?"

"येत हुतं, पोरी. चांगलं येत हुतं."

ती खाली बसली. रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. उंबऱ्यातल्या मुलीकडे तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. "आठ वरीस झाली, सर," ती म्हणाली. "व्हय," सर म्हणाले. "एका शबदाचं काम व्हतं," ती म्हणाली. "व्हय." त्यांनी एकही सबब सांगितली नाही, माफी मागितली नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तिच्याकडून आता आणखी काही घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. तारा उठली, आमच्याकडे पाठ करून तिने स्टोव्ह पेटवला. चहा केला. कपबशा पुढे ठेवल्या. आम्ही तो घेतला. मधे ती फक्त मुलीला एकदा "आत ये, ऊन लागंल" म्हणाली.

कप खाली ठेवून सर उठले. पाकीट त्यांनी चटईवर तसंच ठेवलं. दारात पोचल्यावर ते म्हणाले, "जातो, पोरी."

ताराने एकदम मान वर केली. डोळे भरलेले होते आणि आवाजात राग होता, तो आजही माझ्या कानात आहे.

"जातो म्हनू न्हाई, सर. येतो म्हना."

सर पायरीवर थांबले. वळले. मफलर जरा सैल केला, आवाज निघावा म्हणून.

"येतो," ते म्हणाले.